आण्णांची आगाऊ यादी

लग्नात अक्षता पडल्या की लोक जेवणाच्या पंगतीकडे धावतात. आमचे शंकर आण्णा नवरदेवाकडे धावायचे. त्या बापड्याचा हात घट्ट धरून, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "पावणं, पोर कधी?"

नवरी मान खाली घालायची, सासरा डोळे वटारायचा. आण्णा मात्र खिशातून वही काढून उत्तराची वाट बघत उभे. एकदा एका वरबापानं त्यांना दंडाला धरून मांडवाबाहेर काढलं. तिथनंही ओरडले, "अवो, चेष्टा न्हाय! आराखड्यात धरायचं हाय!"

कागलच्या एमआयडीसीला लागून असलेल्या या गावात मी ग्रामसेवक होतो. गावाच्या विकास आराखड्यात अंगणवाडीचं पान भरायचं म्हणजे मला शिक्षाच वाटायची. लोकांना गटार हवं असतं, पेव्हिंग ब्लॉक हवेत, वेशीवर कमान तर हवीच हवी. तीन वर्षांच्या पोराला मत नसतं, त्यामुळे त्याचं रडणं ग्रामसभेत कुणाला ऐकू येत नाही. फौंड्रीत तीस वर्षं काढून अर्धे बहिरे झालेल्या आण्णांना तेवढं यायचं. कमानीच्या रंगावर खडाजंगी सुरू असताना हे मध्येच उठून म्हणायचे, "आन् ल्हान्यांचं काय?" सरपंच कपाळाला हात लावायचे.

आगाऊपणामागं त्यांचं एक गणित होतं. "भाऊसाहेब, सरकारी खोली बांधून हुईस्तवर चार वर्सं जात्यात. आजच्या पोरांसाठनं मागितली तर पोरं जात्यात शाळंत, आन् खोलीत बसत्यात शेळ्या. म्हणून जी अजून आली न्हाईत, ती धरायची." मला हसू यायचं. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

खरा प्रश्न माळाचा होता. कारखान्यांत मजुरीला जाणारी कुटुंबं माळावर राहायची आणि अंगणवाडी हायवेच्या पलीकडे, गावात. एवढी एवढीशी पोरं खाऊचे डबे छातीशी धरून धावत्या ट्रकांमधून वाट काढायची. एका पोराचा पाय त्या रस्त्यावर गेला. महिनाभर गाव हळहळलं आणि पुन्हा कमानीवर आलं. शेवटी तालुक्याचे साहेब म्हणाले, माळावरची मुलं आणि गरोदर बायका मिळून ठरलेला आकडा भरला, तर तिथं वेगळी अंगणवाडी देऊ.

आण्णा वही घेऊन दारोदार सुटले. एका घरात त्यांच्यावर झाडू उगारला गेला. एका सत्तरीच्या म्हातारीलाही विचारून आले. मी रागावलो तर म्हणाले, "इचाराय काय जातंय?" पण आकडा भरला. अगदी बरोबर भरला, वर एकही नाही. त्यात सविताचं नाव होतं. तिला नववा महिना लागला होता.

प्रस्ताव पाठवायच्या आठवडाभर आधी सविताची मुलगी पोटातच गेली.

मी आण्णांना पंचायतीत बोलावलं. "नाव राहू द्या," म्हणालो. "कोण तपासायला येतंय?" या बोलण्याची मला आज लाज वाटते. तेव्हा मात्र त्या पोराचा पाय डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"तिला इचारल्याबिगर?" आण्णा म्हणाले. "इचारून येतो."

कुणाला काय विचारावं, हे या माणसाला उभ्या जन्मात कळलं नव्हतं.

दोन तासांनी परत आले. बसले नाहीत. "काढा नाव."

"का? ती नको म्हणाली?"

"काढा म्हंतोय की!" इतक्या मोठ्यानं ओरडले की शिपाई धावत आत आला.

मग तो आठवडाभर त्यांनी माळ पालथा घातला. एखाद्या घरात नवी बातमी असेल, एखादं कुटुंब नव्यानं राहायला आलं असेल. काहीच मिळालं नाही. एक नाव कमी पडलं म्हणून प्रस्ताव परत आला. पुढच्या वर्षी बघू, असा शेरा होता. पोरं हायवे ओलांडतच राहिली. कमान तेवढी मंजूर झाली.

काही महिन्यांनी माझी नेसरीकडे बदली झाली. शेवटच्या दिवशी सविता रहिवासी दाखल्यासाठी आली. सही होईपर्यंत तिनं सहज विचारलं, "भाऊसाहेब, माळाची अंगणवाडी का वो न्हाय झाली?"

मी चमकलो. "आण्णा आले होते ना तुमच्याकडं? यादीचं काही बोलले नाहीत?"

"यादीचं? न्हाय की. लई वेळ नुसतं बसून हुते. मग इचारलं, पोरीचं नाव काय ठरिवलंतं?" ती टेबलावरच्या दाखल्याकडं बघत म्हणाली, "त्ये मला कुणीच इचारलं न्हवतं, भाऊसाहेब. माझ्या आईनंबी न्हाय. मी सांगितलं, आरोही. त्येंनी दोनदा म्हणून बघितलं."

मी दाखल्यावर शिक्का मारायचा विसरलो.

"मग म्हणाले, बरं केलंस बाई, ठरवून ठेवलंस. आमची अशीच गेली, चाळीस वर्सं झाली. आमी नावच ठेवलं न्हाय. आता आठवण आली तर काय म्हणून हाक मारू तिला?"