घरात चालला पाहिजे, गाडीतही चालला पाहिजे

लाकडाचा रेडिओ शेजारच्या आसनावर बसवून, त्याला पट्टा बांधून गाडी चालवणारे गृहस्थ अख्ख्या नाशकात एकच आहेत, आणि कचेरीच्या आवारात टेबल मांडून अर्ज लिहिणाऱ्या माझे ते पक्षकार आहेत. त्यांचे नाव नाना आहेर. मूळचे देवळ्याचे, आता निवृत्त होऊन सातपूरला सदनिकेत राहतात.

रेडिओ म्हणजे गाणी-बातम्यांचा नव्हे. काही हौशी लोक सरकारी परीक्षा देऊन परवाना काढतात आणि बिनतारी संचावरून दूरदूरच्या माणसांशी बोलतात. त्यास हॅम रेडिओ म्हणतात. नानांचा जुना संच विजेच्या कडकडाटात जळाला. त्या दिवसापासून ते नवा संच निवडत होते. ते संच घेत नव्हते, निवडत होते. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. जो संच मनात भरेल त्याचे माप घेऊन ते सुताराकडून सागवानी प्रतिकृती करवून घेत. वजन जुळावे म्हणून आत वाळू भरत, पुढे रंगाने बटणे काढत. मग ते लाकूड काही दिवस घरी टेबलावर, काही दिवस जुन्या ओम्नी गाडीत.

"अर्जनवीस, मुलगी बघतो, मुलगा बघतो, आणि यंत्र न बघता घ्यायचं?" हा त्यांचा सवाल. "माझी अट एकच. घरात चालला पाहिजे, गाडीतही चालला पाहिजे."

त्यांच्या पत्नी सरूवहिनी चहा देताना मला म्हणाल्या होत्या, "भाऊ, या घरात बोलणारं लाकूड एक होतंच. आता न बोलणारी तीन आणलीत."

नाना संचांविषयी बोलत ते स्थळांविषयी बोलावे तसे. एक भारदस्त, घरगुती संच होता. "हा घरजावई. टेबलावर बसला की उठत नाही. गाडीत घातला तर मी कुठं बसू?" दुसरा मुठीत मावणारा. "हा फिरस्ता. चालायला हलका, पण याचा आवाज म्हसरूळच्या पुढं जात नाही, देवळ्याला काय पोचणार?" तिसऱ्या संचाचा बटणांचा दर्शनी भाग सुटा होत असे. धड आसनाखाली ठेवावे, तोंड समोर लावावे. घरी जाताना दोन्ही काढून न्यावे, गाडीच्या बॅटरीएवढाच विजेचा दाब देणारे एक खोके घरी ठेवले की झाले. अट पूर्ण होत होती. पण नानांनी नाक मुरडले. "धड एकीकडं, तोंड भलतीकडं. आमचा आप्पा असाच आहे."

आता आप्पांविषयी लिहिणे भाग आहे.

आप्पा आहेर हे नानांचे धाकटे बंधू. देवळ्यास असतात, कांदा करतात. दोघांच्या वाटणीत नानांच्या कांदाचाळीकडे जाणारी वाट आप्पांच्या हिश्श्यातून गेली. आप्पांनी तिच्यावर काटेरी कुंपण घातले. तालुक्याचा निकाल आप्पांच्या बाजूने लागला, म्हणून नानांनी नाशकास वरच्या कचेरीत अपील केले. ते अपील मी लिहिले. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले, परंतु कचेरीतले साहेब माझ्या अर्जाची भाषा दुरून ओळखतात, हे नम्रपणे नमूद करतो. नानांनी वकील लावला नाही, माझ्या लेखणीवर भिस्त ठेवली. तिकडे आप्पांनीही लावला नाही. तो मात्र हट्ट होता. सदर अपिलात मी आप्पांना 'हेकेखोर, कपटी व आडमुठे' म्हटले आहे. नाना मसुदा वाचून म्हणाले होते, "कृतघ्न राहिलं. तेही घाला."

तो कागद सहीसाठी घेऊन मी सकाळीच त्यांच्या घरी गेलो, तेव्हा जुना संच जिवंत होता. नाना माईक तोंडाशी धरून बसले होते आणि संचातून आप्पा बोलत होते. दोघांनी तरुणपणी एकाच बाकावर बसून परवान्याची परीक्षा दिली होती, हे मला तेव्हा कळले.

"आपला आवाज पाचापैकी पाच," आप्पा म्हणत होते. "इकडे आकाश निरभ्र. हवा कोरडी."

"आभारी आहे. इकडेही कोरडी."

"आपला गुडघा कसा आहे?"

नाना घसा खाकरून म्हणाले, "गुडघा परवान्याच्या अटीत बसत नाही."

"मान्य. उद्या याच वेळी."

संच बंद करून नानांनी माझे पेन मागितले आणि 'कृतघ्न' शब्द असलेल्या त्या कागदावर ठसठशीत सही केली.

मी थक्क होऊन विचारले, "नाना, तुम्ही बोलता एकमेकांशी?"

"छे! तोंडही बघत नाही मी त्याचं. हे हवेवरचं झालं. हवेवर कज्जा काढायचा नाही, नियम आहे."

संच जळाल्यावर ही रोजची भेट तुटली. मी व्यवहारी माणूस. म्हटले, फोन करा.

"फोनवर तो भाऊ असतो," नाना म्हणाले. "भावाशी मी बोलत नाही."

गाडीची अटही आप्पांमुळेच होती. तारखेच्या दिवशी आप्पा पहाटे पिकअप घेऊन देवळ्याहून निघत, त्यांच्या पिकअपमध्ये संच असे, आणि वणीचा डोंगर मागे पडला की ते हाक देत. त्या वेळी नाना कचेरीच्या आवारात माझ्या टेबलापाशी उभे आणि संच सातपूरला मुका. हाक फुकट जाई. मग कचेरीच्या दारात दोघे भाऊ परस्परांकडे पाठ करून उभे राहत, आणि आप्पांची पाठ अधिक रागावलेली असे, असे नानांचे म्हणणे.

सर्व मराठी मुलखात भाऊबंदकी आहे. तिच्यावर माझे पोट चालते. परंतु शेतात कुंपण घालून आकाशात फाटक उघडे ठेवणारी ही दोनच माणसे मी पाहिली. मला त्यांचा राग येई. वैर करायचे तर नीट करावे, नाहीतर आमच्यासारख्यांची मेहनत वाया घालवू नये.

अखेर अंतिम सुनावणीची नोटीस आली. नाना हबकले.

"निकाल लागला की संपलं," ते म्हणाले. "जो हरेल तो हवेवरही यायचा नाही. मी ओळखतो त्याला. मलाही ओळखतो."

"मग घ्या की संच! तो सुट्या तोंडाचा घ्या. त्याहून बरा तुमच्या जन्मात बनणार नाही."

नाना माझ्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. मग हळूच म्हणाले, "घेतला, हाक दिली, आणि तो बोललाच नाही तर? इतके महिने मी गप्प. तो म्हणेल, याला हवेवरची वाटही नकोशी झाली. लाकडाचा असेपर्यंत निदान संच बोलत नाही, असं म्हणता येतं."

मी सांत्वन केले नाही. माझ्यापुढे तिघे पक्षकार खोळंबले होते.

सुनावणीच्या दिवशी ओम्नी आवारात शिरली तेव्हा तिच्या टपावर माणसाहून उंच काठी डुलत होती. पहारेकरी धावला. "ओ नाना, हे काय लावलंय? भाला?"

"एरियल आहे. तू आपलं काम कर."

समोरच्या रांगेत, दोन जीप सोडून, आप्पांची पिकअप आधीच उभी होती. नानांनी मला गाडीत बसवून घेतले, साक्षीदारासारखे. समोर सुटे तोंड बसवलेले होते आणि ते खरोखरच उजळले होते. नानांनी माईक उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. मग परवान्यावरचे आप्पांचे सांकेतिक नाव पुकारले, मागोमाग आपले.

खरखर. पिकअपच्या काचेतून आप्पांचे डोके दिसत होते. ते हलले नाही. नानांनी पुन्हा पुकारले.

"ऐकतो आहे," संच म्हणाला. "संच नवा वाटतो."

"नवा आहे." नानांनी खिडकीची कड घट्ट धरली. "घरात चालतो, गाडीतही चालतो."

"कोणता? नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा."

दोन जीपांच्या अंतरावरून ऐकू न येण्यासारखे काहीच नव्हते. हाक मारली असती तरी पुरले असते. पण नानांनी पुन्हा सांगितले. मग धड कुठे बसवले ते सांगितले, काठी टपाला कशी आवळली ते सांगितले. आप्पा प्रत्येक गोष्ट दुसऱ्यांदा विचारत होते.

इतक्यात जिन्यावरून शिपायाने पुकारा केला. आहेर विरुद्ध आहेर.

"नाना, चला! आपलं नाव आलं."

"थांबा हो. समोरचा बोलतोय."

दुसरा पुकारा झाला. मी नानांचा दंड धरून हलवला. "गैरहजर धरतील! वाट जाईल हातची!" नानांनी माझा हात, माशी उडवावी तसा, झटकला. मी पिकअपकडे पाहिले. निदान त्या हेकेखोर माणसाने तरी उतरावे! त्यांचे दार बंदच. माईक तोंडाशी, नजर सरळ समोरच्या भिंतीवर.

तिसऱ्या पुकाऱ्यास मी एकटाच जिना चढलो. माझ्या हाती वकीलपत्र नाही. मला कोण उभे करणार? लिपिकाने माझ्यासमोर शेरा लिहिला: उभय पक्ष गैरहजर, अपील काढून टाकण्यात येत आहे. माझ्या आयुष्यातील सर्वोत्तम मसुदा एका ओळीत मेला. तालुक्याचा निकाल कायम झाला. वाट गेली ती गेली.

खाली आलो तेव्हा पिकअप मागल्या फाटकातून निघून गेली होती. काच खाली करून एक शब्द, एक नजर, काही नाही. नाना माईक मांडीवर ठेवून बसले होते. मी त्यांना निकाल सांगितला. कठोर शब्दांत सांगितला. त्यांनी मान हलवली, जणू मी दुसऱ्याच कोणा आहेरांचे सांगत होतो.

"त्याला सर्दी झालीय, अर्जनवीस," ते म्हणाले. "बोलला नाही, पण छाती भरलीय त्याची. घरी कोणी काढा करून देतं की नाही, कोण जाणे."