दत्तूमामा आणि चपलेचा तळ

आमचे शेजारी दत्तूमामा माणसाचं तोंड नंतर बघत. आधी त्याची चप्पल उलटी करून तळ बघत. कोल्हापुरी चपला शिवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. “पावणं, तळ दावा,” म्हणायचे आणि झीज बघून सांगायचे, “डाव्या पायावर लई भार टाकताय. घरात भांडान हाय काय?” बऱ्याचदा असायचंच.

एवढा चपलांचा माणूस, पण उंबऱ्याच्या आत चप्पल चालायची नाही. एकदा पंखा दुरुस्त करायला आलेल्या वायरमनलाही त्यांनी बूट काढायला सांगितलं. तो म्हणाला, “शॉक बसंल की, मामा!”

“मग भाईरनं कर दुरुस्त.”

ऐन मे महिन्यात चार दिवस पंखा बंद. मामी बिचाऱ्या पदरानं वारा घेत बसल्या.

गल्लीत नुकतीच केबल आली होती, त्या वर्षी मामी भिंत धरून चवड्यांवर चालायला लागल्या. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की टाचेतली कळ मस्तकात जायची. ऑपरेशनच्या धास्तीनं त्या दवाखान्यात जाईनात. शेवटी मीच दोघांना घेऊन गेलो.

डॉक्टर हसले. “कापाकापी कशाला? टाचेखालचा पडदा सुजलाय. कडक फरशीवर दिवसभर अनवाणी उभं राहून होतं असं. पोटरी ताणायचा व्यायाम करा, गार पाण्याची बाटली टाचेखाली फिरवा. आणि मऊ चप्पल घाला. घरात, अगदी स्वयंपाकघरातसुद्धा.”

मी मामांकडे बघितलं. मामा छताकडे बघत होते.

दोन दिवस ते आपल्या शिवणकामातच डोकं घालून बसले. मामी आता जन्मभर भिंत धरूनच चालणार असं वाटून मला त्यांचा भयंकर राग आला. तिसऱ्या दिवशी आमटीची वाटी घेऊन गेलो, तर मामी ओट्यापाशी भाकरी थापत उभ्या आणि पायात जाड स्पंज घालून शिवलेल्या नव्याकोऱ्या चपला!

“मामा, स्वयंपाकघरात चप्पल?”

“चप्पल न्हाय ती, औषध हाय,” मामा गुरकावले. मग त्यांचा आवाज खाली आला. “सगळ्या गावाचा तळ बघितला. ही घरात अनवाणी. हिचा तळ मला दिसायचा कुठनं?”

पुढे व्यायाम झाला, बाटली फिरली, महिने गेले. एका सकाळी मामा आमच्या दारात उभे. हातात मामींची चप्पल, उलटी धरलेली.

“हे बघा, टाचंला झिजलीया!” त्यांचे डोळे भरले होते. “पुरा पाय टेकतीया आता.”