राहतं घर

आमचं घर तारण ठेवायचं ठरलं, तेव्हा बँकेच्या घोंगडे मॅडम घराचा जबाब घ्यायला आल्या. जामीनदाराला विचारतात तसं घरालाही विचारावं लागतं.

शिवानंददादाला बायपासजवळ एक फ्लॅट घ्यायचा होता. राहायला नाही, भाव वाढला की विकायला. आईच्या पाटल्या मोडून त्याने बिल्डरला टोकन दिलं होतं. शुक्रवारपर्यंत कर्ज झालं नाही तर टोकन बुडणार होतं.

मॅडमनी खुर्ची भिंतीजवळ ओढली.

"वय?"

"तेवीस," घर म्हणालं. "वरची खोली नऊ वर्षांची."

"कुणाच्या दबावाखाली आहात का?"

"वर हजार लिटरची टाकी आहे. ती धरायची का?"

मॅडमनी थोडा विचार करून 'नाही' लिहिलं.

"हप्ते थकले तर तुमचा ताबा बँक घेईल. मान्य?"

"ते कळलं. पण त्या फ्लॅटमध्ये राहणार कोण?"

"कोणी नाही," दादा म्हणाला. "कुलूप लावायचं. चार वर्षांनी विकायचा."

घर म्हणालं, "रिकाम्यासाठी मी जामीन राहणार नाही."

"तुला काय करायचंय? राहा की गप!" दादा म्हणाला.

"राहतोयच की आम्ही सगळे," घर म्हणालं. "मॅडमनी काय लिहिलंय बघ."

मॅडमनी फॉर्म पाहिला. मालमत्तेच्या प्रकारात त्यांनी स्वतःच 'राहतं घर' लिहिलं होतं. "यांचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "राहतं घर राहत्यालाच जामीन राहतं. खाली आमचीच सही आहे."

आईने रिकाम्या हातांवर पदर ओढून घेतला.

मी दाराशी उभा होतो. मी नववीत शाळा सोडली आणि फरशी बसवायच्या कामाला लागलो. या घराबाहेर मी कधी झोपलेलो नाही.

"गुरू, तू जाशील तिथे राहायला?" घराने विचारलं.

"तो एकटा?" आई म्हणाली. "अहो, दूधवाला आला तरी तो आत पळतो."

"मग जमेल दोघांचं. तो फ्लॅटही नवखाच आहे."

मला नाही म्हणायचं होतं. पण आईचे हात दिसत नव्हते. मी म्हणालो, "जाईन."

कपाटामागच्या भिंतीवर अंगठ्याएवढी ओल आली. मॅडमनी कागद त्यावर दाबला, फुंकर मारून वाळवला आणि चहा घेऊन निघाल्या.

सोमवारी मी गादी, स्टोव्ह आणि दोन पातेली घेऊन फ्लॅटमध्ये गेलो. दिवसा कामावर जायचो, संध्याकाळी येऊन बसायचो. फ्लॅट आपणहून बोलत नव्हता. मलाही सुरुवात करता येईना.

नवव्या दिवशी सकाळी मी पोहे करत होतो.

"अहो," फ्लॅट हळूच म्हणाला, "आपण इथे नक्की काय करायचं असतं?"

आमच्या घरी हे कधी कोणी विचारलंच नव्हतं.

"मलाही नीट माहीत नाही," मी म्हणालो, आणि पोह्यांवर झाकण ठेवलं. "पण आता दोन मिनिटं थांबायचं असतं."

आम्ही थांबलो.