नऊशे एक्याऐंशीची परंपरा

कोणतंही यंत्र चालेनासं झालं, की दोष तीनच ठिकाणी असू शकतो: यंत्रात, माणसात किंवा रजिस्टरमध्ये. यंत्र दुरुस्त करता येतं. माणसाची बदली करता येते. रजिस्टरला मात्र कुणी हात लावू शकत नाही, आणि तेच बरं आहे. नाहीतर आमच्यासारख्या महाविद्यालयांनी कशाच्या आधारावर उभं राहायचं?

मी उज्जैनच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. (नाव सांगत नाही. तिथे शिकलेल्यांना ते सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना त्याचा उपयोग नाही.) एके काळी साऱ्या देशाचे ज्योतिषी या गावावरून वेळ मोजत. त्यामुळे मोजमाप आमच्या रक्तातच आहे, हातात असायची गरज राहिलेली नाही.

सन २००१च्या सप्टेंबरात उदारीकरण आमच्या विभागात आलं. ते एका खोक्यातून आलं. आधुनिकीकरणाच्या योजनेखाली वरून पाठवलेल्या त्या खोक्यात साबणाच्या वडीएवढी एक डबी, ती काँप्युटरला जोडायची यूएसबी केबल, लंबकाच्या वाटेत बसवायचा प्रकाशाचा डोळा, एक सीडी आणि एक माहितीपुस्तिका होती. लंबक झुलला की डोळा बघणार, डबी वेळ मोजणार आणि काँप्युटर आलेख काढणार. माणसाने फक्त लंबक सोडायचा. इतकं कमी काम असलेला प्रयोग बघून आमच्या विभागप्रमुखांना, म्हणजे भय्यासाहेबांना, फार आनंद झाला.

आनंद झाला तो अहल्येलाही. अहल्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. नानाखेड्याहून सायकल मारत यायची, आणि प्रयोगशाळेत खरोखर प्रयोग करायची. (ही सवय तिला कुणी लावली याचा तपास लागला नाही.) पुण्याच्या एका संशोधन संस्थेत तिला जागा कबूल झाली होती, पण अट होती: एकतीस मार्चपर्यंत प्रकल्प पूर्ण आणि त्यात किमान साठ टक्के. तिचा प्रकल्प असा, की पृथ्वी वस्तूंना किती जोराने ओढते, ज्याला आम्ही ‘जी’ म्हणतो, तो आकडा खास उज्जैनसाठी या डबीने मोजायचा. मार्गदर्शक मी.

खोकं उघडल्यावर प्रथम नोंद झाली. ज्याची नोंद नाही ते अस्तित्वात नाही, हा आमच्याकडचा भौतिकशास्त्राचा पहिला नियम. डबी टिकाऊ म्हणून ती डेड स्टॉक रजिस्टरात गेली. केबल झिजते, म्हणून ती खडू, काडेपेट्या आणि स्पिरिटबरोबर किरकोळ मालात गेली आणि स्टोअरकीपर गोपाळरावांच्या कपाटात बंद झाली. सीडी वाचायची असते, म्हणजे ती पुस्तक ठरली, आणि पुस्तिकेसकट ग्रंथालयात, ग्रंथपाल माईंकडे गेली. तिन्ही कपाटांना कुलुपं वेगळी, आणि तिन्ही किल्ल्या एकाच दिवशी हजर असण्याचा योग वर्षातून साधारण चारदा येतो.

डेड स्टॉकच्या वस्तूवर पांढऱ्या ऑईल पेंटने क्रमांक घालायचा असतो. पेंटरने तो घातला: ‘भौ.वि./डे.स्टॉ./२००१/४१७’. डबी लहान, क्रमांक मोठा. शेवटचे दोन आकडे केबलच्या भोकात शिरले. माईंनीही आपलं काम चोख केलं. ग्रंथालयात येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाच्या सतराव्या पानावर गुपचूप शिक्का मारायचा असतो, म्हणजे पुस्तक चोरीला गेलं तर ओळख पटते. सीडीला सतरावं पान सापडेना. माईंनी बराच विचार करून तिच्या चकचकीत बाजूला शिक्का मारला आणि वर परतीच्या तारखांची चिठ्ठी डिंकाने चिकटवली.

यथावकाश, म्हणजे जानेवारीत, तिन्ही किल्ल्या जमल्या आणि मंडळी काँप्युटरपुढे उभी राहिली. सीडी आत गेली, घर्रघर्र आवाज झाला आणि चिठ्ठी आतच राहिली. चौथ्या प्रयत्नाला पडद्यावर इंग्रजीत अक्षरं उमटली. अर्थ असा, की उपकरण सापडले नाही.

“सापडलं नाही म्हणजे?” भय्यासाहेब म्हणाले. त्यांचे पूर्वज दरबारात दप्तर सांभाळायचे, तेव्हा हा आरोप त्यांना घराण्यावरच वाटला. “टेबलावर तर आहे! रजिस्टरात एंट्री आहे. याच्या डोळ्याला दिसून नाही राहिलं तर आपण काय करायचं?”

त्यांनी तसा शेरा रजिस्टरात लिहिला: ‘उपकरण समक्ष पाहिले. सापडले.’ खाली आम्हा चौघांच्या सह्या झाल्या. काँप्युटर तरीही आपल्या म्हणण्यावर अडून बसला.

मग शास्त्रशुद्ध दोषनिवारण सुरू झालं. मी फ्रीगंजमधल्या एका सायबर कॅफेतून डबीच्या परदेशी कंपनीला ई-मेल केला. कंपनीचं उत्तर आलं: केबल नीट जोडली आहे का? आम्ही विभागाच्या बैठकीत यावर चर्चा करून कळवलं, की केबल गोपाळरावांच्या ताब्यात असून सुरक्षित आहे. कंपनीने विचारलं: दुसऱ्या खाचेत जोडून पाहिलंत का? आम्ही लिहिलं, दुसरी खाच वापरण्यासाठी प्राचार्यांची परवानगी मागवली आहे. यानंतर कंपनीचं उत्तर आलं नाही. परदेशी लोकांत चिकाटी कमी असते.

असा फेब्रुवारी उजाडला. अहल्येचा धीर सुटत चालला होता.

“सर, मी बघू का?” तिने विचारलं.

“बघ,” मी म्हणालो, “पण हात लावू नकोस.”

तिने हात लावला. कंपासच्या टोकाने भोकातला रंग खरवडून काढला. माईंच्या टेबलाशी बसून चहाच्या वाफेवर सीडीचा डिंक सोडवला, शिक्का कापसाने पुसला. माई बघत होत्या. “अगं बाई, शिक्का पुसून राहिलीस? उद्या ही चोरीला गेली तर?” म्हणाल्या, आणि वाटीत आणखी कापूस आणून ठेवला. मग पुस्तिकेची तीन पानं वाचून अहल्येला कळलं, की आधी सीडीवरचा प्रोग्राम टाकायचा आणि नंतर डबी जोडायची. आम्ही उलट केलं होतं. (पुस्तिका संदर्भग्रंथ असल्यामुळे ती वाचायला देता येत नव्हती.)

डबीवर हिरवा दिवा लागला. “सर, हो गया!” अहल्या ओरडली, आणि मी, अठरा वर्षांचा अनुभव असलेला प्राध्यापक, टाळी वाजवून बसलो. त्याबद्दल मला नंतर फार अवघडल्यासारखं झालं.

तीन आठवडे बत्तीच्या, म्हणजे वीज असण्याच्या, वेळा सांभाळून पोरीने लंबक झुलवला. एक्केचाळीस वेळा प्रयोग केला, दोरीची लांबी दर वेळी तीनदा मोजली. आणि उत्तर आलं नऊशे अठ्ठ्याहत्तर दशांश सात.

इथून खरा बिघाड सुरू झाला.

आमच्या विभागात ‘जी’ची किंमत नऊशे एक्याऐंशी येते. बावीस वर्षं येते आहे. दर वर्षी चाळीस विद्यार्थी, म्हणजे आठशे ऐंशी जर्नलं, आणि प्रत्येकात नऊशे एक्याऐंशी. पाऊस असो, ऊन असो, दोरी तुटलेली असो. १९८८ साली लंबकाचा गोळाच हरवला होता, तेव्हाही नऊशे एक्याऐंशीच आला. इतकी अचूकता जगातल्या कुठल्या प्रयोगशाळेत असेल असं वाटत नाही. याचं श्रेय कपाटातल्या एका आदर्श जर्नलाला आहे. ते दर ऑगस्टात बाहेर निघतं, चाळीस हातांतून फिरतं आणि परत कुलुपात जातं.

भय्यासाहेबांनी निदान केलं, की डबी बिघडली. अहल्येने ग्रंथालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात तक्ता होता: लंडनला नऊशे एक्याऐंशीच्या वर, विषुववृत्ताकडे येताना कमी कमी, आणि आपल्या अक्षांशाला नऊशे अठ्ठ्याहत्तरच्या थोडं वर.

“सर, आपण सगळे लंडनचा आकडा लिहून राहिलोय,” ती म्हणाली.

भय्यासाहेबांचा चेहरा लाल झाला. “म्हणजे लंडनला जास्त आणि उज्जैनला कमी? नळाला पाणी कमी, बत्ती कमी, आणि आता गुरुत्वाकर्षणही कमी? मी या खुर्चीवर असेपर्यंत उज्जैनच्या वाट्याला कमी आलं असं कागदावर जाऊ देणार नाही!”

भावना उदात्त होती. गोपाळरावांचे डोळे पाणावले.

तीन जणांची समिती नेमली गेली: भय्यासाहेब, गोपाळराव आणि मी. तारीख होती अठ्ठावीस मार्च. डबी ठीक आहे एवढं मार्गदर्शकाने लिहून सही केली की पुरे, अहल्येचा प्रकल्प मान्य होणार होता. पुणे माझ्या एका सहीवर आलं होतं.

बैठकीच्या आधी ती माझ्याकडे आली. हातात ते आदर्श जर्नल होतं.

“सर, यातला सात बघा. मधे आडवी रेघ आहे. असा सात तुम्हीच काढता.”

खरं सांगतो, सात माझाच होता. १९७९ साली मी याच विभागात विद्यार्थी होतो. जर्नल जमा करायच्या दिवशी टॉवर चौकात मित्र वाट बघत होते, सिनेमाची वेळ होत आली होती. मी पुस्तकातला नऊशे एक्याऐंशी घेतला आणि उलटं गणित करून सगळी निरीक्षणं पाऊण तासात काढली. खरी वाटावीत म्हणून दोन चुका मुद्दाम घातल्या. गेली बावीस वर्षं त्या दोन चुकाही दर वर्षी चाळीस जण न चुकता उतरवतात.

“मी कुणाला नाही सांगणार, सर,” अहल्या म्हणाली. “तुम्ही फक्त सही करा.”

मी समितीत गेलो. अहवाल तयारच होता. निष्कर्ष पहिला: उपकरणाच्या उत्तरात विभागाच्या उत्तराशी तफावत आढळते, सबब उपकरण सदोष. निष्कर्ष दुसरा: विद्यार्थिनीने शासकीय क्रमांकातील शेवटचे दोन आकडे खरवडल्याने उपकरण आता क्रमांक ४ असल्याचे दिसते. परंतु क्रमांक ४ हा लाकडी स्टूल आहे, सबब प्रकल्पाची निरीक्षणे स्टुलावर घेतली असे मानावे लागेल. गोपाळरावांनी सही केली, भय्यासाहेबांनी केली. मग पेन माझ्याकडे आलं. माझ्या सहीत सात नसतो, एवढंच त्यातल्या त्यात बरं होतं. मी सही केली.

अहल्येला पन्नास टक्के मिळाले. पुण्याची जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली. ती रडली असेल, माझ्यासमोर नाही. मीच त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही, ज्याचा कुणाला काही उपयोग झाला नाही. डबीला कपाटात ठेवून वर चिठ्ठी लावली: ‘सदोष. चुकीचे उत्तर देते.’

जुलैत आमच्याकडे जागा निघाली आणि अहल्या त्याच विभागात अतिथी विद्वान म्हणून रुजू झाली. (तासावर शिकवणाऱ्याला आमच्या राज्यात हे नाव आहे. सन्मान मोठा आहे, फक्त नोकरी नाही.) सप्टेंबरात चाळीस जर्नलांचा गठ्ठा तिच्या टेबलावर आला. तिने एकेक उघडलं. एकोणचाळिसांत नऊशे एक्याऐंशी. एकात नऊशे पंच्याहत्तर.

“सर, याने खरंच लंबक हलवलेला दिसतो,” ती म्हणाली.

“मग?” मी विचारलं.

तिने ते जर्नल बाजूला ठेवलं. मग लाल पेन उचललं, एकोणचाळीस जर्नलांवर सह्या केल्या आणि चाळिसाव्यावर लिहिलं: ‘पुन्हा करून आणा.’ मी शिकवलेली ती सगळ्यात हुशार विद्यार्थिनी आहे, हे तेव्हा पटलं.

तुम्ही वाचताना आमच्यावर बरेच हसलात. हसा, हरकत नाही. फक्त आज घरी गेलात की माळ्यावरची ट्रंक उघडा आणि आपलं जुनं प्रॅक्टिकलचं जर्नल काढा. लंबकाचा प्रयोग बघा. उत्तर किती आलंय? आणि खाली सही केलेले जे सर तुम्हाला अजून फार आवडतात, त्यांनी शेरा काय दिलाय? ‘उत्तम’ ना?

शाबास. मग त्या एकोणचाळिसांत तुमचा नंबर कितवा, तेवढं कळवा. रजिस्टरात नोंद करून ठेवतो.