डंपरचं गाऱ्हाणं

डंपर विकत घ्यायचा निर्णय मी चहाच्या दुसऱ्या कपावर घेतला. पहिल्या कपापर्यंत मी शहाणा होतो.

कणकवलीजवळ आमची वडिलोपार्जित जागा आहे. जागा म्हणजे खड्डा. तो मातीने भरल्याशिवाय घराचं जोतं उभं राहणार नाही, आणि माती टाकणारा गावचा ठेकेदार वैभव वर्षभर फोनवर एकच वाक्य ऐकवत होता, "काकानु, गाडी वाटेतच हा." इतका वेळ वाटेत असलेली गाडी एव्हाना गोवा बघून परत आली असती. इकडे सुभद्रेने, म्हणजे आमच्या मंडळींनी, शेवटचा इशारा दिला होता, "यंदा पावसाआधी जोतं झालं नाही, तर मी मुंबई, ही घोडपदेवची चाळ सोडून कुठेही येणार नाही. तुम्ही एकटे जाऊन राहा खड्ड्यात."

जन्मभर मी विम्याच्या कचेरीत कारकुनी केली. दुसऱ्यांच्या गाड्यांचे अपघात फायलीला लावले, स्वतः साधी सायकल घेतली नाही. पण आता ठरवलं. वैभवच्या विनवण्या बंद. आपलाच डंपर घ्यायचा, खड्डा भरायचा, काम झालं की विकून टाकायचा.

वरळीच्या बीडीडी चाळीतला माझा मित्र शामराव बसचा ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला. त्याला घेऊन मी एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे गेलो. सगळ्यात स्वस्त डंपर सगळ्यात मागे उभा होता. त्याच्या मडगार्डवर गवत उगवलं होतं.

"गुण्या, हा डंपर आहे की शिलालेख?" शामराव म्हणाला.

"इंजिन डिझेलचं आहे. असली इंजिनं मरत नाहीत."

"मरत नाहीत रे, मारतात."

पण कागदपत्रं चोख होती. फिटनेस सर्टिफिकेटसुद्धा अजून चालू होतं. (माझं नव्हतं.) मी हट्टाला पेटलो, सौदा केला आणि घरी फोन लावला.

"गाडी घेतली. पूजेची तयारी ठेव."

"अगोबाई! रंग कुठला?"

"पिवळा."

"टॅक्सी नव्हे ना?"

"छे गं, चांगली मोठी आहे."

"माणसं किती बसतील?"

मी मागच्या हौद्याकडे पाहिलं आणि खरं तेच सांगितलं, "कितीही."

या एका शब्दावर सुभद्रेने आमच्या चाळीतल्या यच्चयावत बायकांना नव्या गाडीतून देवळापर्यंत फेरीचं आमंत्रण दिलं. आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा त्या नटूनथटून, गजरे माळून उभ्या होत्या. पुढे शालू नेसलेली सुभद्रा, हातात आरतीचं ताट. डंपर धडधडत, काळा धूर ओकत थांबला. मग शेजारच्या राधाबाई म्हणाल्या, "सुभद्रा, ही गाडी गो?"

चाळीसमोर मान खाली घालेल ती सुभद्रा नव्हे. "मग काय? मोटारीत चारजण बसतात, हिच्यात अख्खी चाळ बसेल. शिडी आणा कोणीतरी!" आणि शालू खोचून तीच पहिली हौद्यात चढली. मागोमाग बाकीच्या.

मालकाने स्टेअरिंगवर बसायचं ठरलं. इंजिन चालूच होतं, कारण ते बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याची खात्री शामरावला नव्हती. "कशाला हात लावू नकोस," तो म्हणाला. "हा दांडा हौद्याचा. गावी मी 'उचल' म्हटलं, की तेव्हाच ओढायचा." आणि तो चाकाखाली लिंबू ठेवायला उतरला.

आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय गाडी हलत नाही. चाळीतले सगळ्यात वडीलधारे गणपतकाका नारळ घेऊन पुढे उभे राहिले. इंजिनाच्या आवाजात मला निम्मंच ऐकू येत होतं.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या लेकरान ही गाडी घेतल्यान हा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" हौद्यातून बायका गरजल्या.

"वाटेत काय अडचण इली तर ती दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि ह्येंचो संसार असोच उचलून धर रे म्हाराजा!"

मला एवढंच ऐकू आलं : "उचल." तरी मी थांबलो. म्हटलं, मागे माणसं आहेत. पण त्याच माणसांनी एकमुखाने "होय म्हाराजा!" म्हटल्यावर नाही म्हणणारा मी कोण?

मी दांडा ओढला.

हौदा अगदी सावकाश, सरकारी इतमामाने वर गेला. मागे इमारतीच्या दुरुस्तीसाठी वाळूचा ढीग टाकलेला होता. त्यावर आमची चाळ, मजल्यांचा भेद न पाळता, घरंगळत उतरली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. ढिगाच्या शेंड्यावर सुभद्रा होती आणि तिच्या ताटातलं निरांजन अजून तेवत होतं.

"अहो," ती म्हणाली, "मी काय माती आहे?"

(संसारात काही प्रश्न उत्तरासाठी नसतात.) शामरावने धावत येऊन दांडा हिसकला, पान्याने दणके घातले, तेव्हा हौदा धाडकन खाली आला. आला तो कायमचाच. बोलावून आणलेला मेकॅनिक आत डोकावून म्हणाला, "पंप गया, अंकल. अब ये उठेगा नहीं."

"परत देऊ या का?" मी हळूच विचारलं.

"परत?" सुभद्रा केसांतली वाळू झटकत म्हणाली, "चारचौघींत वाळूत लोळले, ती काय परत द्यायला? पावसाआधी जोतं म्हणजे जोतं!"

सध्या आम्ही गावी आहोत. शामराव डोंगरावरून डंपर भरून आणतो. हौदा उठत नाही, म्हणून मी फावडं आणि घमेलं घेऊन तो रिकामा करतो. खड्डा भरत आलाय. वैभव रोज बांधावर बसून बघतो आणि माझं कौतुक करतो.

काल सुभद्रा फोनवर राधाबाईंना सांगत होती, "गाडी एक नंबर आहे गो, कुरकुर नाही काही नाही. फक्त माती ओतायचं मशीन फार जुनं आहे. तासाभरात कंबर धरून बसतं, आणि रोज बाम लावावा लागतो."