मुहूर्तमेढ आणि फौजदार

शके १८९३, वैशाख शुद्ध नवमीच्या प्रातःकाळी, मौजे मिरजगाव, तालुका कर्जत, येथील संस्कृतचे शिक्षक शरच्चंद्र नेवासकर यांच्या अंगणात त्यांची कन्या सुमेधा हिच्या विवाहाची मुहूर्तमेढ यथाविधी रोवली गेली. मांडवाचा हा पहिला खांब उंबराचा होता. त्याला आंब्याचा डहाळा, हळकुंड आणि सुपारी बांधली होती. हळदकुंकू वाहून मंडळी चहासाठी आत वळली, आणि शेजारच्या कारभारीचा फौजदार नावाचा कुत्रा अंगणात आला. नेवासकरांचे अंगण त्याच्या रोजच्या गस्तीत होते. कालपर्यंत नसलेला खांब आज तेथे होता. त्याने तो हुंगला, क्षणभर विचार केला आणि मागचा उजवा पाय उचलून आपले मत नोंदवले.

"अहो! मेढीवर!" मास्तरांच्या पत्नी अंबिकाबाई दारातूनच ओरडल्या.

चिंतेला कारण होते. वराची आत्या द्वादशीला येणार होती. भाच्याची आधीची सोयरीक तिने, मुलीकडच्यांनी पाण्याचा हंडा उघडा ठेवला, एवढ्यावरून मोडली होती.

"भटजी, ही उपटून दुसरी रोवू या," अंबिकाबाई म्हणाल्या.

"वहिनी, रोवलेली मेढ कार्य पार पडेपर्यंत हलवता येत नाही," सुमंतभटजींनी सांगितले. "गोमूत्र शिंपडा, झालं."

"झालं कसं?" मास्तर सरसावले. "शिंपडायचं की प्रक्षालन करायचं? दोहोंत भेद आहे."

"मास्तर, कुत्र्यानं भेद केलेला नाही. लोटा मागवा."

कारभारीने आपल्या गाईचे गोमूत्र स्वतः आणून दिले. "ताजं हाय गुरुजी," तो म्हणाला. मेढ नखशिखांत शुद्ध झाली. परंतु फौजदाराच्या दृष्टीने प्रकरण आता गंभीर झाले होते. त्याच्या हक्काच्या खांबावर कोणा परक्या चतुष्पादाने, तेही लोटाभर, हक्क सांगितला होता. हद्दीच्या बाबतीत कुत्रा शिक्षकाइतकाच हट्टी असतो. त्याने बराच वेळ हुंगून मेढ पुन्हा आपल्या नावावर केली.

गोमूत्राची मात्रा अपुरी पडली, असा निष्कर्ष मास्तरांनी काढला. दुसरा लोटा आला. दुसऱ्याचेही तेच झाले. दुपारपर्यंत मांडवाचे बाकीचे खांब उभे राहिले, तेव्हा पुढील उपद्रव टळावा म्हणून मास्तरांनी त्या सर्वांवर आगाऊ गोमूत्र शिंपडवले. त्यानंतर फौजदाराला उसंत मिळाली नाही. मध्ये एकदा तो घरी जाऊन पाणी पिऊन आला आणि राहिलेले खांब त्याने पुरे केले.

"कारभारी, कुत्रं बांधून ठेव म्हणून सांगितलं होतं ना?"

"बांधल्तं की गुरुजी. त्यो लई वरडाय लागला, तशी बाजारतळावरची कुत्री गोळा झाली. ती समदी तुमच्या मांडवात गेल्ती."

"मग?"

"मग काय, मुतली. म्हून ह्याला सोडला. आता त्यो त्यांचं पुसून काढतोय."

सुमेधा ओसरीवर तांदूळ निवडत होती. "बाबा, लग्न माझं आहे की खांबाचं?"

"तुझं आहे, म्हणूनच खांबाचं महत्त्व," मास्तर म्हणाले. यावर तिने सूप उचलले आणि ती आत गेली.

दशमीच्या सकाळी अंबिकाबाईंनी सारे खांब साध्या पाण्याने खळखळून धुतले, आणि कंबर धरत उठून फौजदाराला दोरी लावून थेट मेढीलाच बांधले. खाली पोते अंथरले, पुढ्यात दूधभाकरी ठेवली.

"अगं, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!"

"माझे हात गेले खांब धुऊन. आता राखू दे त्यालाच. आणि तुम्ही सकाळ-संध्याकाळ त्याला ओढ्यापर्यंत हिंडवून आणा."

फौजदाराने भाकरी खाल्ली, पोत्यावर तीन प्रदक्षिणा घातल्या आणि मेढीला पाठ लावून तो निजला. त्या क्षणापासून मेढ कोरडी राहिली. बाजारतळावरची कुत्री फाटकापर्यंत येत, आतली गुरगुर ऐकत आणि परत जात. "वसतिस्थान निराळे आणि सीमा निराळी, प्राणी केवळ सीमा अंकित करतो," असा सिद्धान्त मास्तरांनी दोन दिवसांत मांडला. ओढ्याच्या वाटेवर तो ऐकायला फौजदार होता.

द्वादशीला वऱ्हाड एसटीतून उतरले. अंगणात पाऊल टाकताच आत्याबाई थबकल्या.

"नेवासकर, मेढीला कुत्रं? आधी काढा ते! आणि गोमूत्र आणा. माझ्या वळकटीवरही शिंपडा. गाडीत कोण कोण टेकलं असेल!"

"आत्याबाई, येथे एक सूक्ष्म भेद—"

"वाद नको."

मास्तरांनी अंबिकाबाईंकडे पाहिले. अंबिकाबाईंनी डोळे मिटले. कारभारीने दोरी सोडली, पोते उचलले. भटजींनी मेढीवर आणि तिच्याशेजारी ठेवलेल्या वळकटीवर सढळ हाताने गोमूत्र शिंपडले.

फौजदार आळोखेपिळोखे देत उठला. अंथरूण गेले होते आणि तो परका चतुष्पाद पुन्हा येऊन गेला होता, या वेळी सामानासह. त्याने वळकटी हुंगली आणि पाय उचलला. सर्वांच्या डोळ्यांपुढे पाण्याचा तो उघडा हंडा उभा राहिला. वळकटीचे काम आटोपून फौजदार मेढीकडे वळला.

आत्याबाई सोवळ्याच्या होत्या, निर्बुद्ध नव्हत्या. त्यांनी भटजींच्या हातातील लोटा पाहिला, वळकटी पाहिली, आणि पुन्हा उचलला जाणारा तो पाय पाहिला.

"कुत्रं होतं तिथं बांधा," त्या म्हणाल्या, "आणि ते गोमूत्र आवरा."