उंबऱ्यातल्या शेवाळाचं सुतक

पैनगंगेच्या काठी एक होता नरसू, एक होती त्याची बायको पोचूबाई, एक त्यांची लेक सायत्रा. आणि घराच्या उंबऱ्यात होतं जुन्या समुद्राचं मेलेलं शेवाळ, ज्याचं सुतक कोणी पाळलं नव्हतं.

नरसूला ना भाऊ, ना भाऊबंद. खाणीत फरशी फोडायचा, खोकायचा. छाती कधी दगा देईल नेम नव्हता; त्याआधी सायत्राचं लग्न व्हायला हवं होतं. पंधरा दिवस उरले तेव्हा त्यानं उंबऱ्याचा दगड छिन्नीनं साफ केला. आत शेवाळाचे कांद्यासारखे पापुद्रे निघाले.

"आम्ही मेलो," शेवाळ म्हणालं. "दहावं राहिलं."

ग्रामसेवकानं पंचनामा केला. मयत: शेवाळ. पापुद्रे: तीनशे बारा. वारस: उंबऱ्याचा मालक. "एकेकाचे दहा दिवस धरा. साडेआठ वर्षं झाली."

होणारा व्याही उठलाच. "सुतकाच्या घरचं पाणीबी चालत नाही आमाले. पोरगं का म्हातारं करू?"

नरसू भिंतीला टेकून खोकत राहिला. पोचूबाईनं पदर खोचला.

"भाऊसाहेब, सुतक कवापासून धरता? मेल्यापासून, का बातमी लागल्यापासून?"

"बातमी लागल्यापासून."

"मंग तीनशे बारा जणांची बातमी आमाले एकाच दिवशी लागली. सुतक एकच."

ग्रामसेवकानं खोडलं आणि सही केली. व्याही पुन्हा बसला.

दहा दिवस घरात फोडणी नाही, देवापुढं दिवा नाही. दहाव्याला उंबरा काढून खाणीवर नेला, पिंड ठेवला. ऊन चढलं तरी कावळा शिवेना.

"काय राहिलं गा तुमचं?" पोचूबाईनं विचारलं.

"खारं पाणी."

"दर अवसेला तांब्याभर घालीन."

कावळा नुसता बघत बसला.

"पोचू," नरसू म्हणाला, "आपण किती दिवसांचे?"

तेव्हा सायत्रा पुढं झाली. "उंबरा मी सासरी नेतो. माह्या मागं माही लेक घालंल."

कावळा शिवला.

लग्न लागलं. टेम्पोत नवरीशेजारी उंबरा ठेवला. माहेरच्या दाराखाली वीतभर फट राहिली, ती कोणी बुजवली नाही.

दिवाळीच्या आत नरसू गेला. लग्न झालेल्या लेकीला बापाचं सुतक तीन दिवस. शेवाळानं पुरे दहा पाळले. मध्ये अवस आली, सायत्रानं तांब्या पुढं केला, तर म्हणालं, "आज नको बाई. आमच्या घरचं माणूस गेलंय."

दहाव्याला पिंड ठेवायच्या आत कावळा येऊन बसला होता. ज्याला खांदा द्यायला चार माणसं घरची नव्हती, त्या नरसूच्या मागं तीनशे चौदा जण सुतकात होते. असं भाग्य त्या काठावर दुसऱ्या कोणाच्या घरी आलं नाही.